तीन पाचरी आणि बेळगावचा रस्ता

पॅकिंगचं काम नीट झालं तर ते कुणाला दिसत नाही. माल पोचतो, लोक पेटी फोडतात, लाकूड बंबात घालतात आणि आतल्या वस्तूचं कौतुक करत बसतात. आमची आठवण निघते ती काही फुटलं तरच. माझी उमेदीची सगळी वर्षं या कामात गेली. आधी चाकणच्या एका कंपनीत डिस्पॅचला, कंत्राटी. नंतर आमच्या यांनी चिखलीत शेड घेतली तेव्हा तिथे. हे सुतार. ते पेट्या ठोकायचे आणि वस्तू आत कशी बसवायची ते मी ठरवायची. आता गुडघे बोलतात म्हणून मी शेडवर रोज जात नाही, पण घरी कुणी लोणच्याची बरणी जरी पिशवीत ठेवली तरी माझं लक्ष ती कशी ठेवली याकडे जातं.

बाहेरच्यांना वाटतं, पॅकिंग म्हणजे भरपूर फोम कोंबायचा. तसं नसतं. प्रत्येक वस्तूचा एक दुखरा भाग असतो, तो आधी शोधावा लागतो. काचेचा कुठे आहे ते दिसतं. यंत्राचा दिसत नाही. फोम फार मऊ असला तर जड वस्तू त्यात बसत जाते आणि शेवटी लाकडावर आपटते. फार कडक असला तर रस्त्याचा प्रत्येक खड्डा थेट आत पोचतो. गिऱ्हाइकांची तऱ्हा आणखी वेगळी. संत तुकाराम नगरच्या एका गृहस्थांनी वडिलांचं लंबकाचं घड्याळ आणलं होतं आणि ते चालू ठेवूनच पॅक करा म्हणून हट्ट धरला होता. वडील गेल्यापासून ते एकदाही थांबू दिलेलं नाही, म्हणाले. शेवटी त्यांनी ते मांडीवर घेऊन एसटीने नेलं. मी त्यांना हसले नाही. माणूस वस्तू पाठवतो तेव्हा नुसती वस्तू पाठवत नाही, हे मला तोवर कळलं होतं.

पण आज सांगायचं आहे ते यासीनभाईंच्या मशीनबद्दल.

यासीनभाईंचं वर्कशॉप भोसरीत, एमआयडीसीच्या आतल्या गल्लीत. वडिलांपासूनचं. दोन भाऊ, मोठे यासीनभाई आणि धाकटे रफीक. गाड्यांच्या इंजिनात लागणारे स्पिंडल, म्हणजे फिरणारे दांडे, ते बनवायचे. आमच्या पेट्यांतूनच त्यांचा माल कंपन्यांना जायचा, त्यामुळे ओळख जुनी. मला ते वहिनी म्हणायचे. मग गाड्या बॅटरीवर चालायला लागल्या, त्या दांड्यांची मागणी हळूहळू आटली, आणि वर्कशॉपमधली निम्मी मशीनं कापडाखाली गेली.

यासीनभाईंना गाण्याच्या जुन्या तबकड्यांचा नाद होता. रिकामा वेळ हातात आल्यावर त्यांनी तबकडी वाजवायचं एक यंत्र स्वतः बनवलं. खाली ग्रॅनाइटची जाड पाटी, तिच्या मधोमध दांड्यासाठी भोक, आणि वर पितळेची गोल जड थाळी. थाळीवर तबकडी ठेवायची. सगळं मिळून दोघांनी उचलावं एवढं वजन. मी विचारलं होतं, एवढं जड कशाला. ते म्हणाले, जेवढं जड तेवढं स्थिर, आणि जेवढं स्थिर तेवढा आवाज स्वच्छ. कुणीतरी त्याचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला आणि बेळगावहून पाटणेकर नावाच्या भांड्यांच्या व्यापाऱ्याचा फोन आला. त्यांना एक हवं होतं. ते पसंत पडलं तर त्यांच्या मित्रमंडळींनाही हवी होती.

पहिलं मशीन यासीनभाईंनी भलत्याच कुणाकडून पॅक करून घेतलं. थर्माकोलात. ग्रॅनाइटचा कोपरा उडाला. मग ते माझ्याकडे आले. दुसरं मी पॅक केलं. चांगली पाइनची पेटी, खाली लाकडी फळ्यांचं पॅलेट, वजन मोजून फोम. बेळगावहून फोटो आला तेव्हा पेटीला ओरखडा नव्हता. संध्याकाळी पाटणेकरांचा फोन आला की गाण्याच्या खाली लांबवर पिठाची गिरणी चालू असल्यासारखं ऐकू येतंय.

मशीन परत आलं. यासीनभाईंनी मला वर्कशॉपमध्ये बोलावलं, थाळी वर उचलून काढली आणि भिंग हातात दिलं. थाळीच्या खाली जो दांडा असतो त्याच्या टोकाला एक छर्रा असतो, आणि तो छर्रा खाली एका चकचकीत पोलादी बुडावर टेकून फिरतो. सगळा भार त्या एका टिंबावर. त्या बुडावर सुई टोचल्यासारखा खड्डा पडला होता. भोसरी ते बेळगाव, प्रत्येक खड्ड्याला ती पितळी थाळी इवलीशी उचलली गेली होती आणि परत आपटली होती. हजारदा हातोडा मारल्यासारखी.

“वहिनी, तुमची पेटी पास झाली,” यासीनभाई म्हणाले. “माझं मशीन नापास झालं.”

ते चिडून बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. माझी पेटी धड आणि तिच्या आतली वस्तू मेलेली, असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

मी म्हटलं, थाळी काढून वेगळी पाठवू. त्यांनी मान हलवली. तेही त्यांनी करून बघितलं होतं, पुण्यातल्याच एका गिऱ्हाइकाकडे. दांडा आणि त्याचं भोक यांत केसाएवढीसुद्धा फट नसते. त्या माणसाने थाळी बसवताना जरा तिरकी धरली, वजनाने ती हातातून सुटली आणि दांड्यावर चरा गेला. यासीनभाई स्वतः बसवायचे तेव्हा श्वास रोखून बसवायचे. म्हणजे थाळी काढली तर गिऱ्हाईक बिघडवणार, आणि ठेवली तर रस्ता बिघडवणार.

त्यातच रफीकभाईंनी एका गोदामवाल्याला वर्कशॉपची शेड दाखवून ठेवली होती. मशीनं विकायची, जागा भाड्याने द्यायची आणि मोकळं व्हायचं. रफीकभाईंचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. घर दोघांचंही होतं. पाटणेकरांनीही फोनवर शांतपणे सांगितलं होतं की तिसऱ्यांदा बघतो, त्यानंतर विषय बंद.

मी बरेच दिवस डोकं खाजवलं. घरात चकलीच्या सोऱ्यापासून जात्यापर्यंत जे जे एकमेकांवर टेकतं ते उचलून बघायची. शेवटी सुचलं ते साधं होतं. थाळी काढायची नाही आणि टेकूही द्यायची नाही. तिच्याखाली सागवानाच्या तीन पाचरी सारख्या अंतरावर सरकवायच्या, म्हणजे ती कागदाएवढी वर उचलली जाईल आणि छर्रा बुडावरून सुटेल. वरून फेल्टचं जाड कापड लावलेल्या लाकडी कड्याने तिला दाबून धरायचं. प्रवासभर थाळीचा भार पाटीवर, छर्रा अधांतरी. बेळगावला पोचल्यावर गिऱ्हाइकाने वरचं कडं काढायचं आणि पाचरी थोड्याथोड्या ओढायच्या, एक, मग दुसरी, मग तिसरी, पुन्हा पहिली. थाळी आपोआप सरळ खाली बसेल.

यासीनभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग आमच्या यांनी तासलेल्या पाचरी घेऊन ते स्वतः पॉलिश करायला बसले.

तिसरं मशीन आम्ही भाड्याच्या टेम्पोने पाठवायचं ठरवलं आणि मी व यासीनभाईंनी बरोबर जायचं. पण अट अशी की वाटेत कुणी हात लावायचा नाही, आणि बेळगावला पाटणेकरांनी आपल्या हाताने उघडायचं. प्रत्येक पेटीबरोबर यासीनभाई जाणार नव्हते. पेटीला एकटीने जाता येतं का, हे बघायचं होतं. मी पेटीच्या बाजूला झरोक्यासारखं भोक पाडून पारदर्शक प्लास्टिक लावलं, आतल्या पाचरी दिसाव्यात म्हणून. बाहेर दोन बाजूंना धक्का बसला की लाल होणारी स्टिकरं चिकटवली.

टेम्पोवाला दत्ता, चाकणजवळच्या आमच्याच बाजूचा. घरची शेती, भाऊ कंपनीत, याचा टेम्पो. बोलायला मोकळा. पहाटे निघालो तेव्हा पेटी मधोमध, पट्ट्यांनी आवळलेली आणि वरून ताडपत्री. केबिनमध्ये आम्ही तिघं.

कात्रजच्या अलीकडेच यासीनभाईंचं सुरू झालं. खड्डा दिसला की ते पाय दाबायचे, जणू ब्रेक त्यांच्याकडे होता. दत्ताला म्हणायचे, हळू घे बेटा. दत्ता हळू घ्यायचा, मागचे ट्रक हॉर्न मारायचे. खंबाटकी घाटात तर त्यांनी डोळे मिटून घेतले होते. साताऱ्याला चहाला थांबलो तेव्हा मी दत्ताला बाजूला घेऊन सांगितलं की तू रोज चालवतोस तसा चालव. आपण फुलासारखी नेली तर काय कळणार.

“व्हय मावशी,” दत्ता म्हणाला, “पन त्ये चाचा असं बगत्यात की मला सोताच्याच गाडीची भ्या वाटाया लागलंय.”

झरोक्यातून टॉर्च मारून बघितलं. तिन्ही पाचरी जागेवर होत्या. यासीनभाईंनीही बघितलं आणि पहिल्यांदा चहा पूर्ण प्यायले.

साताऱ्याच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं. उड्डाणपूल अर्धवट, खाली वळवलेला रस्ता, धूळ आणि खडी. टेम्पो डुलत चालला होता, पण ते ठीक होतं, त्यासाठीच तर फोम असतो. कराडच्या थोडं अलीकडे एक वळण आलं आणि उलट्या बाजूने, गुरांसाठी उसाच्या वाढ्याचे भारे बांधलेली एक मोटरसायकल एकदम समोर आली. मागे एक बाई बसली होती. मला तिचा चेहरा अजून दिसतो, कारण ती आमच्याकडे बघतच नव्हती, एका हाताने भारा सावरत होती.

दत्ताने सगळा जोर लावून ब्रेक दाबला. मी पुढच्या काचेवर हात टेकले. यासीनभाईंचं कपाळ आपटलं. आणि मागून एकच आवाज आला, बोजड, लाकडावर लाकूड आदळल्याचा.

मोटरसायकल आमच्या बंपरला घासून निघून गेली. तो माणूस थांबलासुद्धा नाही. दत्ताचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच राहिले होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि गाडी कडेला घ्यायला सांगितली.

रस्त्याला लागून एक पंक्चरचं दुकान होतं, पत्र्याच्या शेडचं. तिथे थांबलो. मागे चढून बघितलं तर पट्ट्या तुटल्या नव्हत्या पण पॅलेट वितीएवढं पुढे सरकून टेम्पोच्या पुढच्या फळीला भिडलं होतं. पुढच्या बाजूचं स्टिकर लाल झालं होतं. मी झरोक्यातून टॉर्च मारली. दोन पाचरी होत्या तिथे होत्या. तिसरी निम्मी बाहेर आली होती.

आता हे नुसतं वाईट नव्हतं, आधीपेक्षा वाईट होतं. थाळी एका बाजूला कलली होती. छर्रा कदाचित बुडावर तिरका टेकला असेल, कदाचित दांडा भोकाच्या भिंतीला घासत असेल. कदाचित काहीच झालं नसेल. ते बाहेरून कळायला मार्ग नव्हता.

यासीनभाई मागे आले, बघितलं, आणि फळीवर बसले. कपाळावर टेंगूळ आलं होतं. ते म्हणाले, परत फिरू या. मी पट्ट्या चाचपत राहिले. ते म्हणाले, रफीक बरोबर बोलतो, हे आपलं काम नाही, आपण दांडे बनवणारी माणसं. इतक्यात त्यांचा फोन वाजला. पाटणेकर. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं आणि फोन माझ्या हातात दिला.

पाटणेकर विचारत होते, कुठवर आलात. मी म्हटलं, कराड येतंय. ते म्हणाले, आज दुकान लवकर बंद करून वाट बघतो, सगळं ठीक आहे ना. मी एवढंच म्हटलं की आम्ही येतोय. खोटं बोलले नाही. पण खरंही सगळं सांगितलं नाही.

फोन ठेवल्यावर यासीनभाई माझ्याकडे बघत होते.

“वहिनी, हात लावायचा नाही असं ठरलंय आपलं.”

“ठरलंय,” मी म्हटलं. “पण अशीच नेली तर पेटीबद्दल काहीच शिकणार नाही. आणि परत नेली तरी नाही. उघडू या. पाचर का निघाली ते मला बघायचंय.”

ते सावकाश उठले.

पंचाईत होती ती धुळीची. रस्त्यावर डंपर चालले होते आणि प्रत्येकामागे पांढरा लोट. त्या दांड्याच्या भोकात एक कण गेला असता तर पुढचं सगळं व्यर्थ होतं. दत्ताने टेम्पो शेडच्या आडोशाला घेतला, ताडपत्री चारी बाजूंनी खाली ओढली, तिच्या आतून स्वतःची धुतलेली चादर बांधली. आत आम्ही दोघंच. ऊन वर तापलेलं, आत भट्टी. मी पेटीचं झाकण स्क्रू काढून उचललं, वरचं कडं सैल केलं.

पाचर बसवायला यासीनभाई पुढे झाले. आयुष्यभर केसाचा फरक हाताने ओळखणारा माणूस, आणि त्यांनी हात पुढे केला की बोटं हलायची. त्यांनी तो मागे घेतला. म्हणाले, तुम्ही करा, मी टॉर्च धरतो.

मी जन्मात इतकी हळू कुठलीच वस्तू ढकलली नसेल. अंगठ्याने पाचर आत सरकवायची, थांबायचं, थाळीच्या कडेला गाल लावून फट बघायची. घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो आत पडू नये म्हणून मी पदर कपाळाला बांधला होता. यासीनभाई फटीत कागद सरकवून बघत होते. एका बाजूला कागद अडायचा, दुसऱ्या बाजूला सुळकन जायचा. शेवटी तिन्हीकडे सारखा अडला. ते म्हणाले, बस.

पाचर परत बसली. पण ती पुन्हा निघणार हे आता दिसत होतं. पाचर निमुळती असते. वरून दाब आला की तिला बाहेर घसरायचीच वाट मोकळी असते. तिला आतल्या बाजूला ओढून धरणारं काहीच मी ठेवलं नव्हतं.

मी ताडपत्रीतून डोकं बाहेर काढलं. पंक्चरवाला, पन्नाशीचा माणूस, बाकावर बसून जुन्या ट्यूबच्या गोल पट्ट्या कापत होता. सायकलच्या कॅरिअरला लावायला लोक नेतात, तशा. मी विचारलं, यातली मोठी आहे का. त्याने स्कूटरच्या ट्यूबची एक अख्खी कडी कापून, पाण्यात धुऊन, पुसून दिली. काय बांधायचंय म्हणाला. मी म्हटलं, गाण्याचं मशीन आहे. त्याने मान डोलावली, जणू दिवसातून चार येतात.

तिन्ही पाचरींची बाहेर आलेली टोकं त्या एका रबरी कडीत घेतली. कडी ताणली आणि सोडली. आता एक पाचर बाहेर सरकायला लागली की रबर तिला आत ओढणार, आणि बाकीच्या दोन तिला साथ देणार. मी हाताने हिसका देऊन बघितलं. यासीनभाईंनी बघितलं. मग आम्ही पेटी बंद केली, पॅलेटपुढे फळीचा तुकडा ठोकून ते सरकणार नाही असं केलं, आणि निघालो.

कराड गेलं, कोल्हापूर गेलं. दत्ताचा चेहरा उतरलेला होता. कागलच्या पुढे तो म्हणाला की चाचा, माझ्यामुळं झालं. यासीनभाई खिडकीबाहेर बघत होते. ते वळले आणि म्हणाले, तू त्या बाईला वाचवलंस, मशीन मी दुसरं बनवीन. नंतर दत्ता नेहमीसारखा चालवायला लागला. मलाही श्वास आला. पण मनात एकच होतं. पाचर आम्ही सावरली, पण ब्रेक लागला तेव्हा आत त्या टिंबावर काय झालं, ते आम्हा दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

पाटणेकर भेटले ते अगदी साधे. पांढरा शर्ट, गळ्यात चष्मा. दुकान खाली, राहणं वर. दुकानातली स्टीलची पिंपं बाजूला सारून त्यांनी मधे जागा केली होती, शेजारी आपला अॅम्प्लिफायर आणि स्पीकर आणून ठेवले होते. चहा आधी, म्हणाले. यासीनभाईंनी चहा घेतला नाही. मी रस्त्यात जे झालं ते सांगितलं, सगळं. मोटरसायकल, लाल स्टिकर, निघालेली पाचर. पाटणेकरांनी ऐकलं आणि म्हणाले, “बरं केलं की सांगितलात. आता बघू.”

पेटी त्यांनी उघडली. यासीनभाई भिंतीला पाठ लावून, हात मागे बांधून उभे होते. वरचं कडं निघालं. रबरी कडी निघाली. पहिली पाचर पाटणेकरांनी हळूच ओढली. दुसरी जरा जास्त ओढली आणि थाळी किंचित कलली. यासीनभाईंच्या तोंडून हवा आत ओढल्याचा आवाज आला, पण ते जागचे हलले नाहीत. मी म्हटलं, साहेब, तिसरी आता थोडी, मग परत पहिली. त्यांनी तसं केलं. थाळी खाली बसताना काहीच आवाज झाला नाही. पाटणेकरांनी तिला बोटाने ढकललं. ती फिरायला लागली आणि फिरतच राहिली.

त्यांनी गाणं लावलं नाही. एक तबकडी ठेवली आणि सुई दोन गाण्यांच्या मधल्या रिकाम्या जागेवर टेकवली. आवाज पूर्ण वाढवला. पंखा बंद केला, शटर अर्धं खाली ओढलं. दुकानात आम्ही चौघं आणि भिंतभर भांडी. स्पीकरमधून आधी सुई टेकल्याचा खर्र आवाज आला आणि मग नुसती हवा. गिरणी नाही. घरघर नाही. ती शांतता सरली आणि एका बाईचा आवाज इतका जवळून आला की दत्ता मागे वळून बघायला लागला.

मी यासीनभाईंकडे बघितलं. ते रडतील असं वाटलं होतं. ते खाली वाकून थाळीची कड बघत होते, ती डुलते का म्हणून.

गाणं संपल्यावर पाटणेकर म्हणाले, मशीन माझं झालं. मग चष्मा पुसत म्हणाले, “पण भाई, हे तुम्ही बरोबर होता म्हणून नीट आलंय. वाटेत बिघडलं आणि तुम्ही सावरलात. माझ्या धारवाडच्या मित्राला एक हवंय. ते तुमच्याशिवाय पाठवा. नीट पोचलं तर पुढची चार मी सांगतो.”

खरं तर आम्हीही हेच तपासायला निघालो होतो. तरी यासीनभाईंचा चेहरा पडला. परतीच्या वाटेवर ते म्हणाले, एकटं पाठवायचं म्हणजे जीव टांगणीला.

धारवाडची पेटी मी अख्खी नव्याने बांधली. पाचरींना खाच घेतली, कडीसाठी तयार रबर आणलं, खालच्या पॅलेटला पुढचा-मागचा आडवा दांडा. कुणी बरोबर नाही, खास टेम्पो नाही. ट्रान्सपोर्टच्या ट्रकमध्ये, मोटारपंप आणि बिस्किटाच्या खोक्यांबरोबर. पेटी गाडीत चढताना हमालांनी ती जशी कलंडवली ते बघून मी तोंड फिरवलं. यासीनभाई आलेच नव्हते. त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की मी बघणार नाही.

मग वाट बघणं. हे कुणाला सांगून पटणार नाही, पण टेम्पोतल्या त्या भट्टीपेक्षा ते जड गेलं. तिथे निदान हात चालत होते. ट्रक हुबळीला पोचला, तिथून पेटी मागे धारवाडला यायची, एवढं कळलं, पुढे दोन दिवस काहीच नाही. कुठल्यातरी गोदामात पेटी पडून होती. उभी का आडवी, देव जाणे. रफीकभाई काही बोलत नव्हते, पण गोदामवाला एकदा येऊन शेडची लांबी-रुंदी घेऊन गेला होता.

मी पेट्यांचं माप घ्यायला भोसरीला वर्कशॉपमध्ये गेले होते त्या दुपारी फोन आला. धारवाडच्या गृहस्थांचा. पाटणेकरही तिथेच होते, मुद्दाम गेले होते. लेथ चालू, कॉम्प्रेसर चालू, काही ऐकू येईना. यासीनभाईंनी स्पीकर लावला. पाटणेकर ओरडून म्हणाले, बोलत नाही, ऐका, आणि मग त्यांनी फोन तिकडच्या स्पीकरपुढे धरला असावा.

यासीनभाई म्हणाले, फोनवर काय कळणार. ते खरंच होतं. त्या टिचभर फोनमधून छर्रा नीट आहे का नाही हे परमेश्वरालाही कळलं नसतं. तरी त्यांनी लेथ बंद केला. कामगारांनी हात थांबवले. कॉम्प्रेसर तेवढा धडधडत होता. तेव्हा रफीकभाई कोपऱ्यात गेले आणि त्यांनी तो बंद केला.

फोन वर्कबेंचवर, लोखंडाच्या किसात ठेवलेला. त्यातून गाणं येत होतं, बारीक, पत्र्याच्या डब्यातून यावं तसं. एक संपलं, दुसरं लागलं. यासीनभाई बाकाला हात टेकून, मान खाली घालून उभे होते. मला वाटलं आता बास म्हणतील, पण कुणी हललं नाही. तबकडीची बाजू संपली. मग शेवटच्या चरीत सुई फिरत राहिली, तिचा ठेका फोनमधून येत राहिला. तिकडे ती उचलायचं बहुतेक कुणाच्या लक्षातच नव्हतं.

यासीनभाईंनी फोन उचलून तोंडाजवळ धरला.

“पाटणेकरसाहेब,” ते म्हणाले, “सुई उचला आता. घासेल.”